चित्राशेजारचा मजकूर : ‘गुंडाळायचा’ की कसं?

प्रश्न : वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या संगणकवर्गासाठी वर्डची मराठी टिपणं लिहितेय. ‘रॅप टेक्स्ट’ला, म्हणजे चित्राभोवती मजकूर कसा बसवायचा ते ठरवणाऱ्या पर्यायाला, काय म्हणावं? ‘मजकूर गुंडाळा’ लिहिलं होतं, तर एका आजोबांनी विचारलं, ‘कशात?’

प्रतिसाद : आजोबांचं बरोबर आहे. गुंडाळतात तो गाशा, नाहीतर लोकांना! मजकूर चित्राला वळसा घालून पुढे जातो, म्हणून ‘वळसा’. ‘स्क्वेअर’ म्हणजे चौकोनी वळसा. ‘टाइट’ असेल तर ओळी आकृतीच्या कडेपर्यंत जातात. पण चौकोनी फोटोला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, फरक कळतो तो वेड्यावाकड्या आकारांना. ‘टॉप अँड बॉटम’ला मात्र वळसा म्हणू नका. तिथे मजकूर चित्रापाशी थांबतो आणि खालून पुन्हा सुरू होतो. ते ‘वर-खाली’.

‘इन लाइन विथ टेक्स्ट’ला सरळ ‘ओळीत’ म्हणा. चित्र तिथे एखाद्या मोठ्या अक्षरासारखं वागतं. म्हणूनच ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ (ठरावीक मापाचं) ठेवलेलं असलं की चित्राची नुसती पट्टी दिसते आणि माणसं फाइल बिघडली म्हणून घाबरतात. टिपणांत हे नक्की घाला.

प्रतिसाद : लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या दोन्ही बाजूंनी मजकूर नेणारा ‘पॅरलल’ पर्याय आहे, त्याला ‘दुतर्फा’ सुचवतो. तिथला ‘ऑप्टिमल’ पर्याय चित्र आणि समास यांच्यात २ सेंमीपेक्षा कमी जागा असेल तर तिथे मजकूर घालत नाही. मराठीला २ सेंमी अपुरेच. ‘वाचनालयासमोरच्या’सारखा प्रत्यय लागलेला शब्द त्या बोळात मावत नाही, आणि दोन्ही कडा जुळवल्या असतील तर शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

प्रतिसाद : आणि चित्र मजकुरात कुठे जोडलंय ते दाखवणारा ‘अँकर’? नांगर?

प्रतिसाद : नको. नांगर टाकला की जहाज हलत नाही. इथे परिच्छेद सरकला की अँकर आणि चित्र दोन्ही त्याच्यामागे जातात. शिवाय नांगर म्हटलं की आपल्याकडे शेत आठवतं. नाम ‘अँकर’च राहू द्या, क्रियापद ‘बांधणे’ घ्या. चित्र परिच्छेदाला बांधलं तर मजकुराबरोबर जातं. लिब्रेऑफिसमध्ये पानालाही बांधता येतं, मग मजकूर कितीही वाढला तरी ते त्याच पानावर राहतं.

प्रश्नकर्ती : ‘वळसा’, ‘दुतर्फा’, ‘बांधणे’ घेतले. ‘टाइट’ला ‘लगटून’ चालेल?

प्रतिसाद : ज्येष्ठांचा वर्ग आहे ना? ‘कडेलगत’ लिहा.