अनुभव धागा: ऑफिसचा मेल सर्व्हर आणि व्हायरस

मंडळी, बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी भागात कारखान्यात किंवा ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी इथे लिहावं. अँटीव्हायरस असूनही व्हायरस नेमका कुठून निसटतो आणि त्यावर काय बसवलंय, तेवढंच हवंय.

उद्यमबाग, फाउंड्री
पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम) आणि क्लॅमएव्ही (अँटीव्हायरस). खरा धोका लाईट जाऊन आल्यावर. हेस्कॉमची लाईट आली की पोस्टफिक्स लगेच उठतो, क्लॅमडीला (क्लॅमएव्हीचा सतत चालणारा स्कॅनर) मात्र सिग्नेचर, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, मेमरीत भरायला वेळ लागतो. मधल्या वेळात आलेल्या मेलचं काय? मिल्टर म्हणजे पोस्टफिक्स आणि स्कॅनर यांच्यामधला दुवा. तो उत्तर देत नसेल तेव्हा काय करायचं ते पोस्टफिक्सच्या ‘मिल्टर डिफॉल्ट ॲक्शन’मध्ये असतं. तिथे ‘ॲक्सेप्ट’ असेल तर न तपासताच आत. तिथे ‘टेंपफेल’च (आत्ता नको, नंतर पाठव) पाहिजे. समोरचा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा पाठवतो, मेल हरवत नाही. ‘मेल उशिरा येतंय’ म्हणून कुणी ओरडलं तरी हे बदलू नका.

निपाणी
रॅम बघा आधी. सिग्नेचरनाच एक जीबीच्या वर लागते. नव्या आल्या की जुन्या-नव्या काही वेळ एकत्र राहतात, म्हणजे दुप्पट. दोन जीबीच्या मशीनवर लिनक्स क्लॅमडीलाच मारून टाकतो. चार जीबी घाला, नाहीतर क्लॅमडीच्या ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ला ‘नो’ करा. मग जुन्या-नव्या एकत्र राहत नाहीत, पण रीलोड होईतो तपासणी थांबते.

बेळगाव, सीए ऑफिस
पासवर्डची झिप! पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असतो, पण स्कॅनरला आतलं दिसत नाही आणि तो सोडून देतो. क्लायंटची खरी कागदपत्रंही अशीच येतात, त्यामुळे सरसकट परत पाठवता येत नाही. क्लॅमडीच्या ‘अलर्ट एन्क्रिप्टेड आर्काइव्ह’ला ‘येस’ (पासवर्डची झिप दिसली की इशारा), मिल्टरच्या ‘ऑन इन्फेक्टेड’ला ‘क्वारंटाइन’ (बाजूला ठेव). मेल होल्डवर पडतं (पोहोचवायचं थांबतं), रांगेच्या यादीत आयडीला उद्गारचिन्ह लागतं. पाठवणाऱ्याला आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नव्हे. खात्री पटली की पोस्टफिक्सच्या ‘पोस्टसुपर’ कमांडने सोडा, कॅपिटल एच वापरून. छोटा एच उलट होल्डवर टाकतो.

खानापूर
जाणाऱ्या मेलकडेही बघा. फायरवॉलवर बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलचा) फक्त मेल सर्व्हरला उघडा, बाकी पीसींना ५८७ (सर्व्हरकडे मेल पाठवायला द्यायचा), तोही लॉगिन करून. नाहीतर व्हायरस लागलेला एकच पीसी थेट स्पॅम सोडतो, ऑफिसचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये (स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी) जातो आणि पुणे-कोल्हापूरच्या ग्राहकांकडून कोटेशनं परत येतात.

चिक्कोडी
जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ या प्रकारच्या जोडलेल्या फाइली (अटॅचमेंट) पोस्टफिक्सच्या ‘माइम हेडर चेक्स’मध्येच, फाइलच्या नावावरून अडवा. पण झिपच्या आतलं त्याला दिसत नाही. चाचणीला आयकारची (अँटीव्हायरस तपासायला बनवलेली) ६८ अक्षरी निरुपद्रवी फाइल बाहेरच्या सर्व्हरवरून पाठवा, एकदा उघडी, एकदा झिप करून. जीमेलवरून नको, ते स्वतःच अडवतं.