मांजराला आठवडाभर जीपीएस बांधून नेमके काय साधते?

प्रश्न : पेरूची_फांदी, ॲडलेड

नमस्कार. आम्ही सहा वर्षांपासून दक्षिण ऑस्ट्रेलियात राहतो आणि आमच्याकडे सोन्या नावाचा चार वर्षांचा बोका आहे. त्याची नसबंदी झालेली आहे, मायक्रोचिपही बसवलेली आहे. दिवसा तो आसपास हिंडतो आणि रात्री घरात झोपतो, अशी आमची समजूत आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या आजींनी मला कुंपणापाशी बोलावून एक निळ्या जिभेचा सरडा दाखवला. इथे त्याला सरडा म्हणत असले तरी त्याचे कूळ आपल्या सापसुरळीचे आहे. त्याच्या पाठीवर दातांच्या बारीक खुणा होत्या आणि मागचा एक पाय लुळा पडला होता. आजी रागावल्या नाहीत. हा त्यांच्या लाकडांच्या ढिगाखाली कित्येक वर्षांपासून राहतो, एवढेच त्या म्हणाल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या ‘कॅट ट्रॅकर’ या नागरिक-विज्ञान प्रकल्पात लोकांनी आपापल्या मांजरांना जीपीएस बांधले होते, असे वाचले. आपणही तसे यंत्र आणावे, असे मला वाटते. यजमानांचे म्हणणे असे की, कोंडायचेच असेल तर सरळ कोंडावे, त्यासाठी नकाशा कशाला हवा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : खिडकीतली_मनी

आमची मांजर त्या प्रकल्पात सहभागी होती, म्हणून अनुभवाने लिहिते. यंत्र काडेपेटीएवढेच असते, पण ते अंगावरच्या पट्ट्यांना अडकवावे लागते आणि मांजराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. आमची मनी पहिल्या दिवशी पोट जमिनीला टेकवून उलटी चालत पलंगाखाली गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हा आधी दोन-तीन दिवस नुसते पट्टे घालून पाहा आणि सोन्या खाईनासा झाला तर नाद सोडून द्या.

नकाशा हाती आला तेव्हा काही रेषा सुईसारख्या सरळ थेट मोठ्या रस्त्यापलीकडे गेलेल्या दिसल्या आणि माझ्या छातीत धस्स झाले. पत्र्याच्या छपराखाली किंवा भिंतीलगत उपग्रहांचा संकेत नीट मिळत नाही आणि ठिपके भलतीकडे उडतात, हे नंतर कळले. त्यामुळे एकेकट्या ठिपक्यावर विश्वास न ठेवता, जिथे ठिपक्यांची दाटी झाली आहे तेवढेच खरे धरावे.

दाटी होती आमच्या मागच्या तीन परसांत, आणि तीही रात्री दोननंतर. आम्ही दार लावून झोपत होतो, पण न्हाणीघराच्या खिडकीच्या जाळीचा एक कोपरा सैल होता आणि तिने तीच वाट केली होती. त्या प्रकल्पात ४२८ मांजरांचा माग घेतला गेला आणि जी मांजरे रात्री घरातच असतात असे मालकांना वाटत होते, त्यांच्यापैकी सुमारे ३९ टक्के प्रत्यक्षात बाहेर हिंडत होती. माझ्या मते नकाशाचा खरा उपयोग हाच आहे. दुसऱ्याने सांगितलेले आपण ऐकून सोडून देतो. आपल्याच मांजराची आपल्याच घरातून निघालेली वाट पाहिल्यावर मात्र मी उठून जाळीला खिळे मारले.

उत्तर : पाणवठा

जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या गटात मी काम करतो, त्यामुळे थोडी भर घालतो. नकाशा पाहून ‘आमचे मांजर लांब जात नाही, म्हणजे निरुपद्रवी आहे’ असा निष्कर्ष कृपया काढू नका. सहा देशांतील ९२५ पाळीव मांजरांच्या अशाच माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मांजरांचे हिंडण्याचे क्षेत्र सरासरी ३.६ हेक्टर भरले, आणि बहुतेक मांजरे घरापासून शंभर मीटरच्या आतच वावरत होती. पण घरोघरी मांजर असल्यामुळे सगळ्यांची शिकार त्याच लहानशा पट्ट्यात एकवटते आणि तिथल्या पाखरांना, पालींना सुटकेला जागाच उरत नाही. आजींच्या लाकडांच्या ढिगापाशी नेमके तेच घडले आहे.

मांजर घरी काही आणत नाही, हाही पुरावा नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स शहरात ५५ मांजरांच्या गळ्यात लहान कॅमेरे बांधले होते. त्यांनी मारलेल्यांपैकी जेमतेम २३ टक्के शिकार घरापर्यंत आली.

कोंडण्याच्या क्रूरतेविषयी आपण लिहिले नाही, पण ती शंका पुढे येईलच. एकदम दार बंद केले तर मांजर ओरडते, ओरबाडते, हे खरे आहे. म्हणून आधी रात्र बंद करा. तिन्हीसांजेचे जेवण घरातच द्या आणि त्याआधी पाच-दहा मिनिटे दोरीला पीस बांधून खेळवा. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात रोजच्या अशा खेळाने घरी आणलेल्या शिकारीत २५ टक्के, तर मांसयुक्त सकस आहाराने ३६ टक्के घट दिसली. घुंगरू बांधून मात्र काही फरक पडला नाही. पुढे जमल्यास पडवीला जाळी मारून घ्या; ऊन, वारा आणि बसायला उंच फळी मिळाली की बहुतेक मांजरे रमतात.

उत्तर : दप्तरदार

कायद्यापुरते सांगतो. आपल्या राज्यात १ जुलै २०१८ नंतर जन्मलेल्या मांजरांची नसबंदी आणि सगळ्याच मांजरांना मायक्रोचिप बंधनकारक आहे. हिंडण्यावरचे निर्बंध मात्र स्थानिक परिषदेच्या उपविधींवर अवलंबून असल्याने आपल्या परिषदेचे नियम पाहून घ्यावेत. कॅनबेरात १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या मांजरांना आवाराबाहेर सोडता येत नाही. असे नियम ठरताना मांजरवाले आणि पक्षिप्रेमी नेहमी समोरासमोर उभे ठाकतात, आणि मालकांनी स्वतः गोळा केलेली माहिती अशा वेळी दोघांनाही मान्य करावी लागते. आपण एकट्याने यंत्र लावणार असाल, तरी नोंद तारीखवार ठेवावी.

पेरूची_फांदी :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री विजेरी घेऊन सगळ्या खिडक्या तपासल्या. कपडे धुण्याच्या खोलीतल्या जाळीला खालच्या बाजूने हाताची चार बोटे जातील एवढी फट आहे आणि तिच्या कडेला सोन्याचे पिवळे केस अडकलेले आहेत. ती फट आज बुजवतो आहोत. यंत्रही मागवले आहे, कारण आणखी एखादी वाट असेल तर ती आम्हाला पाहायची आहे. तो सरडा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे आहे आणि आजी रोज दूरध्वनी करून त्याची चौकशी करतात.