आधी बेअरिंग आणि सील एकसारखे करा

सगळ्या गाड्यांना मागचा अ‍ॅक्सल एकाच नमुन्याचा असावा, असं एक मत इथे मांडलं गेलं, ते मला पटत नाही. लहान मोटार आणि टेम्पो यांच्यावरचा भारच वेगळा. एकसारखं करायचंच तर बेअरिंग आणि ऑइल सीलची (तेल बाहेर गळू न देणारी कडी) मापं करा.

पण शाफ्टबद्दल, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या चाक फिरवणाऱ्या दांड्याबद्दल, कुणीच बोललं नाही. जुन्या रिअर-व्हील-ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या) मोटारींत बहुधा सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सल असायचा, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला की चाकच निसटू शकतं. वडिलांच्या टॅक्सीचा सायनजवळ असाच तुटला, मागे दोन उतारू बसलेले. आठवलं की अजून धस्स होतं. ट्रकच्या फुल-फ्लोटिंग रचनेत वजन हाउसिंगवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचावर येतं, शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. निदान टॅक्सींना तरी ती द्यायला हवी होती.