परिविक्षेवर सुटला म्हणजे निर्दोष नव्हे

कुणी म्हणतं, 'आरोपीला परिविक्षेवर (प्रोबेशनवर) सोडलं म्हणजे तो निर्दोष सुटला.' तसं नाही. 1958 च्या अपराधी परिविक्षा कायद्याच्या कलम 4 खाली दोष सिद्ध झालेलाच असतो. फक्त शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडतात, जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते.

त्याला असं सोडावं का, यासाठी कोर्ट आम्हा परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल बघतं. तो मात्र टेबलावर बसून होत नाही. यवतमाळकडे कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर घराला कुलूप, शेजारची आजी ओट्यावरून सांगते, "पोरगं वावरात गेलं जी." मग बोलणं धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावर. पोलीस पाटलाला विचारायचंच, पण त्याचं त्या घराशी वाकडं नाही ना, हे आधी किराणा दुकानात काढून घ्यावं. आणि सरकारी गाडीने जाऊ नये (मिळाली तरी!). गावात बोभाटा झाला की पोराला कुणी कामावर ठेवत नाही.