रस्त्याकडच्या भिंतीवर उभी बाग लावली तर पोराला धुळीचा त्रास कमी होईल का? (लातूर)

लातूरची आई
आमचं घर अंबाजोगाई रोडला लागून आहे. रस्त्याकडची भिंत पश्चिमेची. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटानं नाव लिहावं, इतकी धूळ बसते. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला दमा आहे. हिवाळ्यात रात्री त्याच्या छातीचा आवाज ऐकत मी जागी असते. एका नर्सरीवाल्यानं उभ्या बागेचं, म्हणजे भिंतीवर कप्पे बसवून त्यांत झाडं लावायचं, कोटेशन दिलंय. घरातली हवा शुद्ध होते म्हणतो. पैसे जमवीन, पण पाण्याचं काय? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात हा पोटात होता. घागरीसाठी रांगेत उभी राहिलेली मी, भिंतीवर पाणी ओतायला हात धजत नाही.

जालन्याहून
ताई, मी लावली होती, आठ बाय सहा फुटांची. मे महिन्यात रोज तीस लिटर पाणी पीत होती. बोअरच्या क्षारानं ड्रीपर (थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) चोंदले, आम्ही चार दिवस लग्नाला गेलो आणि वरच्या तीन ओळी वाळून गेल्या. कप्प्यात मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ते दुपारच्या आत कोरडं पडतं.

ठिबकवाला, छत्रपती संभाजीनगर
ताई, मी अठरा वर्षं ठिबक बसवतोय, अशा भिंतीही बसवल्यात. घरातली हवा शुद्ध होण्याची गोष्ट १९८९ च्या नासाच्या प्रयोगापासून चालत आली. तो प्रयोग बंद पेटीतला होता, आणि धुळीचा नव्हताच, रसायनांच्या वाफांचा होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की दारं-खिडक्यांतून हवा जेवढी बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. घरात माणसं राहणार कुठं?

बाहेरच्या धुळीचं निराळं. पान खरबरीत, लवदार असलं की धूळ त्याला चिकटते. २०१२ च्या एका अभ्यासात, दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर भिंती हिरव्या केल्या तर धुळीचे कण ६० टक्क्यांपर्यंत घटू शकतात असं निघालं, पण ते संगणकावरचं गणित. तुमचा रस्ता मोकळा, वारा सुटलेला. तिथं एका भिंतीनं तेवढा फरक पडणार नाही. शिवाय पानावरची धूळ तिथंच बसून राहते. पावसात धुतली जाते, आपल्याकडं मात्र आठ महिने पाऊस नाही. पान धुतलं नाही तर त्याचाच श्वास कोंडतो.

माझं ऐका, कप्पे नकोत. त्यांच्या सतत ओल्या राहणाऱ्या फेल्टला (जाड कापडाला) बुरशी धरते, ती दम्याच्या पोराच्या खिडकीशी कशाला? वेल जमिनीत लावा. मधुमालती किंवा बोगनवेल, मुळं खोल गेली की आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं. भिंतीपासून अर्धा फूट सोडून जाळी बांधा. पश्चिमेचं ऊन अडेल, खोली तापणार नाही, हा फायदा नक्की. एसीचं पाणी असेल तर तेही द्या, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आणि पोराचा दम्याच्या औषधाचा रोजचा पंप वेलीच्या भरवशावर बंद करू नका.

लातूरची आई
पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करणार नाही, दादा. कोटेशन आज परत करते. एसी नाही आमच्याकडे. धुण्याचं पाणी चालेल का? खड्डा भिंतीला लागूनच घ्यावा का?

ठिबकवाला, छत्रपती संभाजीनगर
भाजी-तांदूळ धुतलेलं चालेल. कपड्यांचं सोड्याचं पाणी नको, काळ्या रानात क्षार साचून माती घट्ट होते. आणि भिंतीपासून निदान तीन फूट लांब खड्डा घ्या. काळी माती ओलीनं फुगते, वाळली की भेगाळते, पायाला धक्का देते. पहिला पाऊस पडून वाफसा आला की लावा.