प्रतिसाद: लॅबमधून हवेत किती गेलं याचा हिशोब

वरती विचारलंय की अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी लॅबमध्ये वर्षाला १० मिलिक्युरी (किरणोत्साराचं एकक) फॉस्फरस-३२ हा किरणोत्सारी पदार्थ वापरला तर ते सगळं हवेत गेलं असं धरायचं का. अजिबात नाही. ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) नियमांतल्या अपेंडिक्स डी या परिशिष्टात सरळ रीत आहे, वर्षभरात वापरलेलं प्रमाण घ्यायचं आणि अवस्थेप्रमाणे गुणायचं, वायूला १, द्रव किंवा भुकटीला एक हजारांश, घनाला एक दशलक्षांश. म्हणजे तुमचे १० मिलिक्युरी द्रव असतील तर हिशोबात १० मायक्रोक्युरीच येतात. न उघडलेली, न गळलेली सीलबंद पाकिटं मोजायचीच नाहीत.

पण खरी गोम पुढे आहे. तोच द्रव १०० अंश सेल्सियसला किंवा वर तापवला की वायू धरायचा, आकडा थेट हजारपट! हीट ब्लॉक (नमुन्यांच्या नळ्या तापवायचं उपकरण) ९५ वर होता की १०० वर, हे लॉगबुकात लिहाच, नुसतं 'लिक्विड' लिहून मोकळं होऊ नका, वर्षअखेरीला रेडिएशन सेफ्टीवाल्यांना तुमच्या त्या एका ओळीवरूनच हिशोब करावा लागतो.

आयोडीन-१२५ ची तर जास्तच काळजी घ्या, लेबलिंग करताना, म्हणजे ते दुसऱ्या रेणूंना जोडताना, त्याची वाफ होते. हूडला (वाफ बाहेर खेचून घेणारं कपाट) कोळशाचा फिल्टर असेल तर आयोडीनचा आकडा ०.१ ने गुणता येतो, पण फिल्टर कालांतराने निकामी होतो, त्यामुळे तो चालतोय का हे मोजत राहावं लागतं.

हवेत गेलेल्या किरणोत्सारासाठी एनआरसीची (अमेरिकेची अणुनियामक संस्था) मर्यादा वर्षाला १० मिलिरेम (माणसाला मिळणाऱ्या डोसचं एकक), तीही बाहेरच्या सर्वात जास्त डोस मिळू शकणाऱ्या माणसासाठी. ती ओलांडली तर रिपोर्ट करावाच लागतो.