क्यू ६६०० ला टेप लावून २.४ चे ३ गिगाहर्ट्झ: बायोस बंदिस्त असलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये हे करावे का?

विदर्भवाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वाचनालयातील जुन्या मराठी मासिकांचे अंक स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने त्यांचा मजकूर तयार करण्याचे काम मी नागपुरात घरूनच करतो. त्यासाठी जो संगणक वापरतो, तो एका कार्यालयाने मोडीत काढलेला ब्रँडेड डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा क्यू ३५ चिपसेट, कोअर २ क्वाड क्यू ६६०० प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर२-८०० मेमरी आणि उबुंटू आहे. रात्री काम लावून ठेवले, तरी सकाळपर्यंत जाड अंक पुरा होत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत, वेग वाढवण्याचा एकही पर्याय नाही. तारीख, बूटचा क्रम आणि पासवर्ड यापलीकडे त्यात काही बदलताच येत नाही. मात्र प्रोसेसरच्या एका पॅडवर टेपचा बारीक तुकडा लावला की हाच प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर चालतो, असे वाचनात आले. हे खरे असेल, तर ते नेमके कशामुळे घडते, बोर्डाला काय सोसावे लागते आणि नागपूरच्या मे महिन्यात असा संगणक रात्रभर चालू ठेवणे सुरक्षित आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. नवीन संगणक घेणे सध्या शक्य नाही, एवढे गृहीत धरावे.

सोल्डरशाई (उत्तर)

आपण वाचलेले खरे आहे. या प्रोसेसरच्या बाबतीत ही युक्ती इतकी सरळ का आहे, ते आधी पाहू, कारण ते समजले की धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एलजीए ७७५ सॉकेटच्या प्रोसेसरला बीसेल ०, बीसेल १ आणि बीसेल २ असे तीन पॅड असतात. ‘मला किती मेगाहर्ट्झची बस (चिपसेटशी बोलण्याचा मार्ग) हवी आहे’ हे प्रोसेसर या तीन पॅडांवरून बोर्डावरील क्लॉक जनरेटरला आणि चिपसेटला कळवतो. पॅड प्रोसेसरच्या आतून ग्राउंडला जोडलेला असेल तर संकेत शून्य. मोकळा असेल तर बोर्डावरील पुल-अप रेझिस्टर त्याला वर खेचतो आणि संकेत एक होतो. २६६ मेगाहर्ट्झसाठी तिन्ही संकेत शून्य असतात, तर ३३३ मेगाहर्ट्झसाठी केवळ बीसेल २ हा एक असतो आणि उरलेले दोन शून्यच राहतात. म्हणजे बीसेल २ च्या पॅडवर टेप लावून त्याचा सॉकेटच्या पिनशी असलेला संपर्क तोडला, की बोर्डाच्या लेखी आपला क्यू ६६०० हा १३३३ बसचा प्रोसेसर ठरतो (बसचा वेग चौपट करून सांगण्याची रीत आहे, म्हणून २६६ ला १०६६ आणि ३३३ ला १३३३ म्हणतात). बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, तो गुणक ९ वरच कायम असल्याने २६६ गुणिले ९ या २.४ गिगाहर्ट्झऐवजी ३३३ गुणिले ९, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ मिळतात.

ही पद्धत नवी नाही. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए मध्ये स्लॉट १ च्या बी २१ या संपर्कावर टेप किंवा नेलपॉलिश लावून ६६ ची बस १०० करत असत आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालत असे. एएमडीच्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉनवर पेन्सिलीच्या शिशाने एल १ पूल जोडण्याचा प्रकारही त्याच काळातला. मात्र तिथे बस न बदलता गुणक मोकळा केला जाई.

सॉफ्टवेअरने बस वाढवण्यापेक्षा मला टेप अधिक स्वच्छ वाटते. सॉफ्टवेअरने वेग वाढवताना बोर्ड २६६ च्याच हिशेबात असतो, त्यामुळे बसबरोबर मेमरीही वर ओढली जाते. टेप लावल्यावर बोर्ड सुरू होतानाच स्वतःला १३३३ च्या प्रोसेसरसाठी जुळवून घेतो: मेमरी तिच्या ठरलेल्या ८०० वरच राहते, पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेसचे क्लॉकही बदलत नाहीत. क्यू ३५ हा चिपसेट १३३३ बससाठी अधिकृतपणे बनवलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर कोणतीही जबरदस्ती होत नाही. हीच युक्ती ९४५ मालिकेच्या बोर्डावर करू पाहणाऱ्याची मात्र निराशा होईल. शिवाय क्यू ६६०० मध्ये दोन-दोन कोअरच्या दोन वेगळ्या चिप एकाच आवरणात बसवलेल्या असून त्या एकमेकींशी याच बसवरून बोलतात. त्यामुळे बस १०६६ वरून १३३३ झाली की क्लॉकच्या वाढीव्यतिरिक्तही थोडा फायदा होतो.

आता मर्यादा. टेपमुळे वेग बदलतो, व्होल्टेज नाही. प्रोसेसर कारखान्यातून ठरवून दिलेलेच व्होल्टेज मागतो आणि त्याच व्होल्टेजवर ३ गिगाहर्ट्झ पेलले तर ठीक, नाहीतर तुमच्या बायोसमध्ये ते वाढवण्याची सोय नाही. म्हणून काही उघडण्यापूर्वी टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा देऊन स्टेपिंग, म्हणजे चिपची आवृत्ती, बघावे. ११ दिसले तर तो जी ० आहे, त्याच्या झाकणावर एसएलएसीआर असे कोरलेले असते, आणि त्याची कमाल उष्णता ९५ वॅट धरलेली आहे. ७ दिसले तर तो जुना बी ३, १०५ वॅटचा. त्याच्या झाकणाचे कमाल तापमान ६२.२ अंश दिले आहे, जी ० चे ७१ अंश. बी ३ असेल, तर बंदिस्त ब्रँडेड पेटीत या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष कृतीत सर्वाधिक घोळ पॅड शोधताना होतो. बीसेल २ म्हणजे जी ३० हा पॅड. इंटेलच्या डेटाशीटमधील नकाशा वरून पाहिल्यासारखा काढलेला आहे, त्यात ३० वा स्तंभ डाव्या कडेला आणि ‘ए’ ही ओळ तळाशी येते. आपण मात्र प्रोसेसर उलटा करून खालची बाजू पाहत असतो, त्यामुळे तोच पॅड उजव्या कडेला, खालच्या भागात सापडतो. हा आरसा लक्षात न घेता टेप भलत्याच कडेला लावणारे बरेच आहेत. पॅडांमधील अंतर एक मिलिमीटरहून थोडेसेच अधिक असल्याने घड्याळजीचे भिंग, टोकदार चिमटा आणि नवे ब्लेड हाताशी हवे. साधा सेलोटेप उष्णतेने चिकट द्रव सोडतो आणि काळी इन्सुलेशन टेप फार जाड असते. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारी पिवळसर कॅप्टॉन टेप घ्यावी. पॅड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करावा, तुकडा शेजारच्या पॅडवर जात नाही ना हे भिंगातून तपासावे आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये सरळ वरून ठेवावा, सरकवू नये. टेपने काही बिघडत नाही. सॉकेटमधील पिन वाकली तर मात्र बोर्डच जातो.

संगणक सुरू झाला नाही, तर विजेची वायर काढून सीमॉस क्लिअर करावे, म्हणजे बायोसने साठवलेली मांडणी पुसावी, आणि तरीही उठला नाही तर टेप काढून टाकावी, सगळे पूर्ववत होते. सुरू झाल्यावर प्रोसेसरच्या नावापुढे २.४० गिगाहर्ट्झच दिसेल, त्याने गोंधळू नये. ते नाव चिपमध्येच लिहिलेले असते. खरा वेग डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत टीएससीच्या (प्रोसेसरच्या वेळमोजणीच्या) ओळीत दिसतो.

तापमापक (उत्तर)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु उष्णतेचा हिशेब त्यात उरकल्यासारखा वाटतो. व्होल्टेज तेच राहिले तरी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ९५ वॅटच्या मर्यादेचे साधारण ११९ वॅट होतात. ही वीज प्रोसेसरपर्यंत पोहोचवणारे सॉकेटच्या बाजूचे मॉस्फेट (वीज नियंत्रित करणारे ट्रान्झिस्टर) ब्रँडेड बोर्डांवर बहुधा उघडेच असतात, त्यांच्यावर हीटसिंक नसते आणि त्यांचे तापमान दाखवणारा सेन्सरही नसतो. सेन्सर्सची आज्ञा कोअरचे तापमान व्यवस्थित दाखवत राहील आणि त्याच वेळी बोर्डाचा हा भाग भाजत असेल. सॉकेटभोवतीच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली नाहीत ना, हे टेप लावण्याआधी बघावे. एखादे जरी फुगलेले असले तर आधी ते बदलून घ्यावे.

त्याच स्टेपिंगच्या दोन चिपांमध्येही फरक असतो. एक चिप १.२ व्होल्ट मागते, दुसरी १.३२५. व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता वाढत असल्याने दुसरी चिप त्याच वेगाला सुमारे २२ टक्के अधिक तापते. आपल्या वाट्याला कोणती आली आहे, ते व्हीआयडी (चिप मागते ते व्होल्टेज) दाखवणाऱ्या कोणत्याही साधनाने पाहता येते, मात्र त्या वेळी प्रोसेसर पूर्ण भाराखाली असावा, अन्यथा वीजबचतीचा कमी आकडा दिसेल.

नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या आसपास असेल, तर हीटसिंकला काम करायला मुळात फरकच कमी उरतो. ताजी थर्मल पेस्ट, धूळ काढलेली हीटसिंक आणि मॉस्फेटांवर वारा घालणारा एक जादा पंखा एवढे नसेल, तर एप्रिल ते जून टेप काढून ठेवणेच बरे. जुन्या एसएमपीएसवरही, म्हणजे पेटीतील वीजपुरवठ्याच्या डब्यावरही, वाढीव भार येतोच.

आणखी एक बाब आपल्या कामाशी थेट निगडित आहे. अस्थिर प्रोसेसर नेहमी संगणक बंद पाडतोच असे नाही. कधी तो गुपचूप चुकीचा हिशेब करतो. खेळ खेळणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, पण मजकूर ओळखण्याच्या कामात त्याची परिणती चुकीच्या अक्षरात होऊ शकते आणि ती स्कॅनची चूक की प्रोसेसरची, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून एमप्राइम या प्रोसेसर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची स्मॉल एफएफटी चाचणी रात्रभर चालवावी. तिच्यात एकाही कोअरवर राउंडिंगची चूक आली, तर तो वेग आपल्या कामासाठी निरुपयोगी समजावा, मग संगणक कितीही स्थिर भासो.

शून्यएक (उत्तर)

टेप लावण्यास माझा विरोध नाही, पण हे काम टेसरॅक्टचे आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. टेसरॅक्टचे नवे इंजिन आकडेमोडीसाठी एसएसई ४.१, एव्हीएक्स यांसारख्या सूचनासंचांचा आधार घेते आणि ते नसतील तर साध्या, संथ मार्गाने जाते. ६५ नॅनोमीटरच्या क्यू ६६०० मध्ये एसएसई ४.१ नाही, ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ क्वाडमध्ये, म्हणजे क्यू ९५५० वगैरेंत, ती आहे. आपल्या डेस्कटॉपच्या नव्यात नव्या बायोसला ४५ नॅनोमीटरचे क्वाड चालत असतील, तर मोडीच्या बाजारातला तसा प्रोसेसर घेणे क्यू ६६०० ओव्हरक्लॉक करण्यापेक्षा कितीतरी फायद्याचे ठरेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या भागांच्या दुकानांत चौकशी करून पाहावी.

झिऑन ई ५४५० सारख्या एलजीए ७७१ सॉकेटच्या सर्व्हर प्रोसेसरला स्टिकर लावून तो एलजीए ७७५ मध्ये बसवण्याचा प्रकारही आपल्या वाचनात येईल. ई ५४५० मूळचाच ३ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅश आणि ८० वॅटचा असल्याने मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी प्रोसेसरच्या कडेला नव्या खाचा पाडाव्या लागतात किंवा सॉकेटची प्लास्टिकची टोके कापावी लागतात, आणि बायोसमध्ये त्याचा मायक्रोकोड (तो प्रोसेसर चालवण्यासाठी लागणारा अंतर्गत कोड) नसेल तर ब्रँडेड बोर्ड त्याला सहसा स्वीकारत नाही. जी ४१ किंवा पी ४५ चा सुटा बोर्ड असता तर मी आग्रहाने सुचवले असते.

काहीही विकत न घेता आजच करता येण्याजोगी गोष्ट अशी: टेसरॅक्टला एका पानासाठी चार थ्रेड (एकाच कामाचे समांतर धागे) देऊ नका. त्यासाठी ओएमपी थ्रेड लिमिट या सेटिंगची किंमत १ ठेवा आणि चार पाने चार स्वतंत्र प्रक्रियांत एकाच वेळी चालवा. चार थ्रेड एकमेकांची वाट पाहण्यात जो वेळ घालवतात, तो यात वाचतो.

विदर्भवाचक

सर्वांचे मनापासून आभार. स्टेपिंग ११ दिसते, कपॅसिटर सपाट आहेत आणि चार प्रक्रियांची सूचना लगेच अमलात आणली. फरक जाणवण्याइतका आहे. त्यामुळे आधी बायोसची यादी तपासून क्यू ९५५० बसतो का ते पाहीन आणि तो बसत नसेल, तरच पावसाळ्यात टेपचा विचार करीन.

एक उपप्रश्न: घरात अशाच बनावटीचा दुसरा डेस्कटॉप असून त्यात कोअर २ ड्युओ ई ४५०० आहे. त्यावरही जी ३० ला टेप लावली तर चालेल का?

सोल्डरशाई

नाही, मुळीच लावू नये. ई ४५०० ची बस २०० मेगाहर्ट्झची आहे आणि तिच्या संकेतांत बीसेल १ हा एक, बाकी दोन शून्य असतात. जी ३० झाकला की बीसेल २ ही एक होतो आणि बोर्डाकडे ४०० मेगाहर्ट्झची मागणी जाते. असा बोर्ड सुरूच होणार नाही. तिथे २६६ मिळवण्यासाठी उलट करावे लागते: बीसेल १, म्हणजे एच ३०, शून्यावर आणायचा, अर्थात तो ग्राउंडच्या पॅडशी जोडायचा. त्यासाठी वाहक शाई किंवा फॉइलचा तुकडा लागतो, आणि त्याच कोपऱ्यात बसला वीज देणारे व्हीटीटीचे पॅड दाटीने बसलेले आहेत. टेप चुकली तर काढता येते, शाई पसरली तर शॉर्ट होतो. शिवाय ११ च्या गुणकामुळे २.२ वरून एकदम २.९३ गिगाहर्ट्झ, म्हणजे एक तृतीयांश वाढ, तीही व्होल्टेज न वाढवता मागायची. तो डेस्कटॉप स्कॅनरला जोडून ठेवावा आणि मजकूर ओळखण्याचे काम क्वाडवरच करावे.